पाव, पाऊण

पत्रातल्या 'नियुक्ति' या शब्दाची पहिली वेलांटी खोडून दुसरी दिली होती. लाल पेन्सिलीने. समासात एक बारीक तिरकी रेघ आणि तिच्या शेजारी 'ती' असं अक्षर, इतक्या हलक्या हाताने की कागद खिडकीकडे धरल्याशिवाय दिसू नये. पत्र मी स्वयंपाकघरातल्या तिसऱ्या ड्रॉवरमध्ये, तळाला अंथरलेल्या कागदाखाली ठेवलं होतं. त्या ड्रॉवरमध्ये चाळण्या असतात, सुतळीची गुंडी असते, जुन्या मिक्सरची न लागणारी झाकणं असतात. सत्तावीस वर्षांच्या संसारात ह्यांनी तो ड्रॉवर उघडल्याचं मला आठवत नाही. चमचा हवा असला तरी हे दारात उभे राहून 'चमचा' एवढंच म्हणतात. मी चाळणी घ्यायला वाकले होते, कागदाचा कोपरा जरा वर आलेला दिसला, म्हणून पत्र काढून पाहिलं. चोरी माझी पकडली गेली होती, पण पकडणाऱ्याने आरडाओरडा केला नव्हता, चोराचं शुद्धलेखन तेवढं सुधारून ठेवलं होतं. बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "अगं, येतेस ना? आज एकोणिसावी." मी पत्र होतं तसं, घडीवर घडी जुळवून, कागदाखाली सरकवलं आणि चाळणी घेऊन म्हणाले, "आले."

पत्र चिमणीचं होतं. चिमणी म्हणजे माझ्या हाताखाली रक्त घ्यायला शिकलेली मुलगी. सुरुवातीला तिचे हात इतके कापायचे की पेशंटच तिला धीर द्यायचे. आता तिने सात तासांच्या अंतरावरच्या शहरात स्वतःची प्रयोगशाळा काढली आहे, आणि तिथल्या जंतुवाढीच्या विभागाची प्रमुख म्हणून तिला मी हवी आहे. राहायला वरच्या मजल्यावर दोन खोल्या. तीस तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत कळवावे. इथल्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं सहायक आहे. आमचे डॉक्टर चांगले आहेत, मला ताई म्हणतात, आणि माझ्या रिपोर्टांवर सही करतात. एकावन्नाव्या वर्षी आपली सही आपल्याच कामाखाली यावी असं वाटलं तर त्यात काय मोठं पाप आहे? पण हे पत्र ह्यांना दाखवायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. हे प्रुफं तपासायचे तो छापखाना बंद झाल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, हे गॅलरीच्या पलीकडे गेलेले नाहीत. जिन्याच्या तोंडाशी जातात, कठड्यावर हात ठेवतात आणि काहीतरी विसरल्यासारखं करून परत येतात. गुडघे ठीक आहेत, डोळे ठीक आहेत. "या घरातून मी आता आडवाच निघणार," असं आमच्या मुलीला फोनवर हसत सांगतात. ते हसणं ऐकून मला प्रत्येक वेळी दार उघडून जिन्यात उभं राहावंसं वाटतं. म्हणजे दोनच वाटा होत्या. एक तर जायचं आणि ह्यांना इथे, या तीन खोल्यांत, चमचा कुठे असतो हे माहीत नसलेल्या अवस्थेत सोडायचं. नाही तर पत्र कागदाखाली ठेवून तीस तारीख कशी येते ते बघत बसायचं. मी दुसरं करत होते आणि स्वतःला सांगत होते की विचार चालू आहे.

पुस्तकाचं खूळ ह्यांचं. 'घरच्या घरी बेकरी', बेचाळीस पाककृती. छापखान्याने छापलेलं हे शेवटचं पुस्तक. दारं बंद करताना मालकांनी प्रत्येक माणसाच्या हातात एकेक प्रत दिली. ह्यांनी त्यातलं अक्षर न् अक्षर तपासलं होतं, पण यीस्ट काळं असतं की गोरं हे ह्यांना माहीत नव्हतं. पुस्तक दोन वर्षं कपाटावर पडून होतं. मग या महिन्याच्या पाच तारखेला, जेवण झाल्यावर, हे म्हणाले, "आपण पहिल्या पानापासून करत जाऊ या. मी वाचतो, तू कर. रोज एक." मला बरं वाटलं होतं. दोन वर्षांत ह्यांनी कशात तरी मन घातलं, असं मुलीला मी लगेच फोन करून सांगितलं. आणि वाचणं कसं? छापखान्यातलं. तिथे एकजण मूळ मजकूर मोठ्याने वाचतो, दुसरा प्रुफावर डोळा ठेवतो, आणि वाचणारा शब्दच नाही, चिन्हंही वाचतो. "मैदा तीन कप, स्वल्पविराम, मीठ एक चमचा, स्वल्पविराम, यीस्ट दोन चमचे, पूर्णविराम. नवा परिच्छेद." एकवीस वर्षं ह्यांना वाचून दाखवणारा एक जोडीदार होता, घोगऱ्या आवाजाचा, ह्यांच्याइतकाच चिकट. तो छापखान्याच्या आधी गेला. त्याच्याबद्दल हे कधी बोलत नाहीत, फक्त आता स्वतः वाचताना मधूनच घसा घोगरा करतात. पहिल्या दिवशी 'स्वल्पविराम' ऐकून मला हसू आवरेना. चौथ्या-पाचव्या दिवशी माझे हात स्वल्पविरामावर थांबायला लागले.

हे असेच आहेत हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. लग्न ठरल्यावर मी ह्यांना एक पत्र लिहिलं होतं, दोन पानी, तीनदा फाडून चौथ्यांदा. आठ दिवसांनी उत्तर आलं आणि उत्तराच्या पाकिटात माझंही पत्र परत आलं, लाल पेन्सिलीने तपासलेलं. 'तुमची वाट पाहाते' मधला एक काना काढला होता. बहिणी पोट धरून हसल्या. मीही हसले. एवढ्या बारकाईने आपलं लिहिलेलं कोण वाचतं, असं तेव्हा मला वाटलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण त्यानंतर मी ह्यांना पत्र लिहिलं नाही. सत्तावीस वर्षांत एक चिठ्ठीसुद्धा नाही. दूध आणा, किल्ली शेजारी आहे, असलं सगळं तोंडी. ह्यांच्या आयुष्यातली अभिमानाची गोष्टही चुकीचीच आहे. एका औषधाच्या माहितीपत्रकात लहान मुलांसाठी 'पाव चमचा' हवं होतं तिथे खिळे जुळणाऱ्याने 'पाऊण चमचा' केलं होतं. दोघांनी वाचलं, तिघांनी सह्या केल्या, यंत्रावर चढलं, आणि हे जेवणाचा डबा उघडा टाकून धावत गेले आणि यंत्र थांबवलं. "पाव आणि पाऊण," हे पाहुण्यांना सांगतात, "एका अक्षराचा फरक. पण तिप्पट." तिप्पट म्हणताना तीन बोटं वर करतात. मुलगी लहानपणी मागे उभी राहून तीन बोटं वर करायची.

तर त्या दिवशी मी पीठ मळत होते, हे समोर खुर्चीवर बसून वाचत होते, आणि मी मनातल्या मनात तारखा मोजत होते. पत्र आलं दोन तारखेला. पुस्तक निघालं पाच तारखेला. रोज एक म्हणजे तीस तारखेला सव्विसावी, आणि बेचाळिसावी पुढच्या महिन्यात सोळाला. 'पुस्तक अर्धवट टाकून जातेस?' असं हे कधीही म्हणणार नाहीत. म्हणायची वेळच येऊ नये अशी ही व्यवस्था होती. मी दुपारी दोनला घरी येते, अडीचला सुरुवात, मळा, झाका, थांबा, पुन्हा मळा, थांबा, भाजा, संध्याकाळचे सहा. पिठाचा गोळा ओल्या फडक्याखाली ठेवला की घर सोडता येत नाही. बाळ निजवल्यासारखं त्याच्या आजूबाजूला हलक्या पावलांनी वावरावं लागतं. मी वर पाहिलं. हे पानावर बोट ठेवून थांबले होते, माझे हात मोकळे होण्याची वाट बघत. चेहऱ्यावर काही नाही. तुम्ही माझं पत्र वाचलंत, एवढे तीन-चार शब्द होते, पण बोललं की पुढचं सगळं बोलावं लागणार होतं. "पुढे?" मी म्हणाले. "फडक्याने झाकून, स्वल्पविराम, उबदार जागी, स्वल्पविराम," हे म्हणाले आणि अगदी किंचित थांबले, "पाऊण तास ठेवावे, पूर्णविराम."

आणि पाव काही फुगायचे नाहीत. म्हणजे फुगायचे, चांगले तरारून वर यायचे, आणि ओव्हनमध्ये जाईपर्यंत त्यांच्या कातडीला सुरकुत्या पडायच्या. भाजून निघाले की बसके, आतून जाळी मोडलेली, चवीला आंबूस. एकोणीसपैकी दहा-अकरा असे. बिस्किटं आणि केक उत्तम व्हायचे, फक्त ज्यांना थांबावं लागतं तेच बिघडायचे. समोरच्या शिवणकामवाल्या बाई मनाने मोठ्या आहेत, त्यांनी प्रत्येक पाव घेतला. "वहिनी, चव आहे हो," म्हणायच्या, आणि एकदा म्हणाल्या, "कापड कापताना वर ठेवायला वजन म्हणून फार उपयोगी पडतो." मी हसले आणि घरी येऊन रडकुंडीला आले. एवढी वर्षं सुई एका टोचण्यात शिरेत घालणारे माझे हात, आणि पिठाचा एक गोळा ऐकत नाही! हे मात्र कधी नाव ठेवायचे नाहीत. बसका पाव सुरीने नीट समान कापायचे, लोणी लावायचे, सगळा खायचे. "उद्या जमेल," म्हणायचे. किती समजूतदार माणूस, असं वाटून मला स्वतःची लाज वाटायची. तो वास तेवढा मला छळत होता. फडकं उचललं की आंबूस, उग्र, जरासा दारूकडे झुकणारा. तो वास मला माहीत होता. आमच्या प्रयोगशाळेत सुट्टीआधी कुणी जंतूंची बशी उबेच्या पेटीत विसरून गेलं की परत आल्यावर दार उघडताच तो येतो. वेळेवर न काढलेल्या वाढीचा वास. मी यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली हजारदा पाहिलेली बाई, त्याला पोरं होताना पाहिलेली, खाणं संपलं की ते कसं मरतं ते पाहिलेली. नाकाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी नाकाचं ऐकलं नाही, पुस्तकाचं ऐकलं.

मुलीला पत्राचं ठाऊक होतं. तिचा फोन मी प्रयोगशाळेच्या मागच्या जिन्यात घ्यायची. "आई, बाबांना सांगितलंस?" "त्यांना माहीत आहे." "मग काय म्हणाले?" "वेलांटी चुकली होती म्हणाले." मग ती म्हणाली, "तू त्यांना घाबरतेस का?" नाही गं, घाबरत नाही. ह्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. दार आपटून निघता आलं असतं. इथे आपटायला दारच नाही, सगळीकडे ओलं फडकं. "आई, ते लहान नाहीत. मी पंधरा दिवस येऊन राहीन त्यांच्याजवळ, जेवणाचं बघू. तू फक्त हो म्हण." तिचं म्हणणं बरोबर होतं. तिच्या वयाला सगळंच बरोबर असतं. मी म्हणाले, "बघते." "बघते म्हणजे?" जिन्यात खाली कुणीतरी चढत होतं, म्हणून मी फोन ठेवला. म्हणजे तसं मी तिला सांगितलं. चढत कुणी नव्हतं.

अठ्ठावीस तारखेला चोविसावी होती, लहान गोल पावांची. ते नेहमीसारखे बसले. हे आंघोळीला गेले होते, पुस्तक टेबलावर उघडं होतं, खुणेला लाल पेन्सिल. मी काम करताना चष्मा लावत नाही, ओव्हनचं दार उघडलं की काचांवर वाफ धरते. शिवाय वाचणारा घरात असताना चष्मा कशाला? त्या दिवशी का कोण जाणे, लावला. 'फडक्याने झाकून, उबदार जागी पाव तास ठेवावे.' पाव. मी डोळे मिटून पुन्हा उघडले. पान उलटलं, मागे गेले. बाविसावी: पाव तास. एकोणिसावी: पाव तास. अकरावीत 'एक तास' होतं. मला ऐकवलेलं आठवत होतं, पावणेदोन. साहित्यात एका चमच्याचा फरक नव्हता. मैदा मैद्याइतका, मीठ मिठाइतकं. फक्त जिथे जिथे थांबा होतं, तिथे तिथे मला जास्त थांबवलं होतं. न्हाणीघरात पाणी पडत होतं. ज्या माणसाने एका अक्षरासाठी यंत्र थांबवलं, त्याने ते अक्षर आणून, जिभेवर नीट ठेवून, रोज मला वाढलं होतं. आधी हसूच आलं, तीन बोटं आठवून. मग असा संताप आला की पुस्तक ओव्हनमध्ये घालावं. आणि संतापाच्या खाली, खरं सांगते, काहीतरी ऊबही होती. आपल्यासाठी कुणी आपलं आयुष्यभराचं व्रत मोडलं, ही ऊब. ती जाणवली आणि मला स्वतःचीच शिसारी आली. पाणी बंद झालं. मी पान चोविसावर आणलं, पेन्सिल होती तशी ठेवली आणि चष्मा काढला.

दुसऱ्या दिवशी पंचविसावी. मी मळलं, झाकलं, हात धुतले आणि टेबलाशी उभी राहिले. "उबदार जागी, स्वल्पविराम, पाऊण तास ठेवावे, पूर्णविराम." "पुन्हा वाचा," मी म्हणाले. छापखान्यात असं म्हणतात. म्हणजे तपासणाऱ्याला शंका आली. वाचणारा कुरकुर न करता पुन्हा वाचतो. हे पानाकडे बघत राहिले. "उबदार जागी, स्वल्पविराम, पाऊण तास ठेवावे." "पुन्हा." ह्यांचा घसा आपोआप घोगरा झाला होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इतकी वर्षं बघते आहे, पण हे लाजले तर कान लाल होतात हे मला त्या दिवशी कळलं. "पाऊण," हे म्हणाले, आणि पुढे विरामही म्हणाले नाहीत. मी ओव्हनवरचं गजराचं चक्र फिरवलं. फिरवताना ते दर पाच मिनिटांच्या खुणेला टक् असं वाजतं. नऊ टक्. मग समोर खुर्ची घेऊन बसले. पाऊण तास आम्ही त्या फडक्याकडे पाहत बसलो. ते वर आलं, अजून वर आलं, मधोमध ताणलं गेलं आणि मग एका बाजूने हळूच खचलं. दोघांनीही पाहिलं. भाजलेला पाव ह्यांनी कापला, लोणी लावलं, एक घास खाल्ला आणि पहिल्यांदाच बशी बाजूला सारली. "आंबलाय," हे म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "उद्या तीस ना?" "हो," मी म्हणाले. एवढंच बोलणं झालं.

तीस तारखेला मी दुपारी घरी आले तर टेबलावर मैदा, यीस्ट, मोजायचे कप मांडून ठेवलेले होते. चाळणीसुद्धा. म्हणजे तिसरा ड्रॉवर उघडला होता, आणि उघडल्याचं लपवलं नव्हतं. पत्र आता ड्रॉवरमध्ये, कागदाच्या वर ठेवलेलं होतं. मी पदराला हात पुसले आणि ते उचलून फोनशेजारी ठेवलं. "मला आज एक फोन करायचा आहे," मी म्हणाले, "पाचच्या आत. ट्रे आत गेला की करते." हे म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "सव्विसावी साधीच आहे. एकच पाव, मोठा." वाचायला लागले, आणि आवाज इतका स्वच्छ होता की मला छापखान्यातली ती खिडकीजवळची जागा आठवली, जिथे एकदा डबा द्यायला गेले असताना मी ह्यांना लांबून पाहिलं होतं: दोन माणसं समोरासमोर, एक गातोय असं वाटावं तसं वाचतो, दुसरा मान न हलवता ऐकतो, आणि भोवती यंत्रं धडधडत असूनही त्यांच्यापुरतं सगळं शांत. तेव्हा मला त्या जोडीदाराचा हेवा वाटला होता. पहिला थांबा एक तासाचा वाचला; मी घड्याळ पाहिलं, एकच तास. गोळा असा आला की बोट रुतवलं तर हळूच परत वर यावा. वास स्वच्छ, धान्याचा. मी मळून आकार दिला, ट्रेमध्ये ठेवला, फडकं घातलं. सव्वाचार झाले होते. ह्यांनी श्वास घेतला.

"उबदार जागी, स्वल्पविराम, पाव तास ठेवावे, पूर्णविराम." आणि मी काही म्हणायच्या आत, स्वतःहून, पुन्हा वाचलं. "पाव तास." दार उघडून बाजूला होतात तसे हे शब्द होते. साडेचारला गजर, ट्रे आत, मग फोन. चिमणी वाट बघत असणार. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मला दिसल्या, तिथलं टेबल, माझी सही. आणि हे दिसले, चमचा शोधताना, प्रत्येक ड्रॉवर उघडून, आतली न लागणारी झाकणं एकेक काढून. मी गजराच्या चक्राला हात घातला. टक्. टक्. टक्. तीन झाले. बोटांनी सोडायला हवं होतं. मी बोटांना सोडा म्हटलंही असेल. चौथा टक् झाला तेव्हा ह्यांनी मान वर केली. पाचवा, सहावा. हे कानाने मोजत होते, मोजल्याशिवाय ह्यांना राहवत नाही. नववा टक् झाला, म्हणजे गजर पाचला, आणि मी हात काढून पदराला पुसला, पीठ नव्हतं तरी. फोनशेजारी पत्र पडलं होतं, त्यात आता एकही चूक नव्हती. ह्यांचं बोट पानावर होतं, त्या शब्दाखाली. हे माझ्याकडे बघत राहिले, ओठ एकदा उघडले, आणि मग ह्यांनी पुस्तक अलगद मिटलं. समोर दिसणारी दुसऱ्याची चूक ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तशीच जाऊ दिली.